ईयोबाचा पाचवा मित्र

बायबल वर्षभरात वाचून संपवण्याचं गणित पाचवीतल्या पोरालाही सुटेल. पुस्तकं ६६, अध्याय १,१८९. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच असं वाचत गेलं, की एकतीस डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची घंटा होण्याआधी माणूस प्रकटीकरणाच्या शेवटच्या आमेनपाशी पोचतो. रॉबर्ट मॅकशेन नावाच्या एका स्कॉटिश पाळकाने १८४२ साली याहूनही कडक वेळापत्रक आखून दिलं होतं. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा! पुढच्याच वर्षी तो वारला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. टायफसने वारला, वाचनाने नव्हे. पण मी हे सांगितल्यावर आमची ही "तरी बघा" एवढंच म्हणाली.

माझी गाडी दरवर्षी लेवीयात अडकते. उत्पत्ती म्हणजे गोष्टीच गोष्टी, हां हां म्हणता संपतं. निर्गमही समुद्र दुभंगेपर्यंत झकास चालतं. मग निवासमंडपाचे पडदे, त्यांच्या कड्या, आकड्या, लांबी-रुंदी यांचं एस्टिमेट सुरू होतं आणि मला नोकरीचे दिवस आठवून जांभया येऊ लागतात. पुढे लेवीयाचे सत्तावीस अध्याय. कुठल्या अर्पणात कुठली चरबी जाळायची इथपर्यंत आलो की जानेवारी संपलेला असतो आणि मीही. आईला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून घरातलं गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड आणि नळपट्टीच्या पावत्या ती मोठ्या बायबलात बरोबर लेवीयाच्या पानांत ठेवते. "तिथं कोणी जात नाही," ती म्हणते.

बरं, राहतो कुठे? तर नगरला. सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं केलं. १८४२ साली 'ज्ञानोदय' इथून निघालं. रेव्हरंड टिळक इथे राहिले, इथेच त्यांनी भजनं रचली, आणि त्यांचा विसरभोळेपणा, संताप आणि उधळा हात यांच्यावर लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून उभ्या महाराष्ट्राला हसवलं. आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत उतरवलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. एका बाईने जे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत लिहून काढलं, ते मला नुसतं वाचून होत नाही. ही टोचणी घेऊन मी निवृत्त झालो आणि ठरवलं, की आता रोज पहाटे उठून एकांतात प्रार्थना, मनन, वाचन. नेम म्हणजे नेम.

प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय. आमच्या घरात कडी नीट लागते असं दार एकच, न्हाणीघराचं. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं, तेव्हा तिथे एकांत मिळणं अशक्य. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं. जॉन वेस्लीची आई सुझाना हिला एकोणीस मुलं झाली. घरात निवांत कोपरा मिळेना, तेव्हा ती म्हणे अ‍ॅप्रन डोक्यावर ओढून घ्यायची आणि त्या तंबूत प्रार्थना करायची. तो अ‍ॅप्रन दिसला, की पोरं गप्प बसत. मी सोलापुरी चादर घेतली, डायनिंग टेबलाशी बसलो आणि डोक्यावरून टेबलापर्यंत छान तंबू केला.

दोन-चार वाक्यं झाली असतील. बाहेरून धुणंभांड्याच्या मावशींचा आवाज आला. "दादांना सर्दी झाली का हो?"

हिने काय उत्तर दिलं ते मला आत ऐकू आलं नाही. मावशी जवळ आल्या. "वाफारा घेताय तर पाण्यात ओवा टाका की. नुसत्या वाफेनं काय होतंय?" दुसऱ्या दिवशी त्या कुठूनशी निलगिरीची डहाळी घेऊन आल्या. त्यांच्या मनाला वाईट वाटू नये म्हणून मी खरोखरच वाफारा घेतला. त्या दिवशीचं मनन बरं झालं, नाक मोकळं होतं.

तंबू मोडल्यावर पलंगाच्या कडेशी गुडघे टेकले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गेथशेमानेत शिष्यांना तासभर जागता आलं नाही, आणि त्रोवसला पौलाचा उपदेश लांबला तेव्हा खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. युतुखाला पौलाने उठवलं. मला हिने उठवलं, पण पाय गुडघ्याखाली बधिर झाल्यामुळे मी कपाटावर पडलो.

या सगळ्यात आईचा नेम मात्र चुकत नव्हता. ती ऐंशीच्या पुढे आहे आणि मेथी निवडता निवडता प्रार्थना करते. डोळे उघडे, कारण समोर गॅसवर दूध. आमची गल्ली, भावकी, दूधवाल्याची लग्नाला आलेली पोरगी, खालच्या मजल्यावरचा भांडकुदळ भाडेकरू, सगळे एकामागून एक देवापुढे हजर होतात. "त्याला सुबुद्धी दे, तिच्या गुडघ्याला आराम पडू दे, दूध बघ रे जरा..." यातलं शेवटचं प्रभूला की मला, हे मला अजून कळलेलं नाही. मी उठून दूध बघतो.

तेवढ्यात लेंट सुरू झाला. आमच्या मंडळीत रविवार सोडून चाळीस दिवस रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी सभा असते. सतरंजी, पेटी, ढोलकी, टाळ, 'उपासना संगीत'मधली भजनं, वचनाचं वाचन आणि साक्ष. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कोणत्या संकटातून कसं तारलं ते उभं राहून सांगायचं. शेवटी चहा-भजी.

साक्षीच्या वेळी माझी फार पंचाईत होते. मी जन्माचा ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. नोकरी सरकारी, टेबल आवक-जावकचं. दारू प्यायलो नाही, जुगार खेळलो नाही, फळी तुटून विहिरीत पडलो नाही. आमच्यातल्या एका बंधूंची साक्ष ऐकावी. पूर्वी ते रोज क्वार्टर घेत. गेल्या वर्षीच्या साक्षीत त्याची हाफ झाली, यंदा ते खंब्यावर आलेत. त्यांचं तारण जितकं जुनं होतंय तितकी बाटली मोठी होतेय. पण लोक कसे डोळे पुसतात! मला हेवा वाटायचा, दुसरं काय. एका संध्याकाळी मनाचा हिय्या करून मीही उभा राहिलो आणि एसटी स्टँडवर विसरलेली छत्री प्रभूने कशी परत मिळवून दिली ते सविस्तर सांगितलं. दोघा-तिघांनी आमेन म्हटलं. भज्यांची थाळी आली म्हणून म्हटलं असावं.

त्या लेंटमध्ये मी उपवासही धरला. सकाळपासून सभा संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सभेनंतर मात्र यजमानांचं मन मोडायचं नाही. कुठे भजी, कुठे मिसळ, कुठे झणझणीत नगरी शेव घातलेली भेळ. हे वेळापत्रक कोणाच्या मुळावर येणार आहे याची मला कल्पना नव्हती.

"तुमचा आवाज खणखणीत आहे, वेळही आहे," असं म्हणून पाळकसाहेबांनी याच सुमारास मला भेट समितीवर घेतलं. आजाऱ्यांना भेटायचं, वचन वाचायचं, प्रार्थना करून धीर द्यायचा. मी तयारी म्हणून ईयोबाचं पुस्तक काढलं. ईयोबाची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले, तो राखेत बसून खापराने अंग खाजवू लागला. तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसून राहिले. मग त्यांनी तोंडं उघडली. ती बराच वेळ मिटली नाहीत. ते दमले तेव्हा अलीहू नावाचा तरुण उठला आणि सलग सहा अध्याय बोलला. शेवटी देवाने त्या तिघांना चांगलं फैलावर घेतलं. अलीहूचं तर त्याने नावही काढलं नाही. या पुस्तकातून भाषणासाठी मुद्दे भरपूर मिळतात असं मला दिसलं. वहीत उतरवून घेतले.

पहिली भेट एका दवाखान्यात होती. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ पाय मोडून पडले होते. पुरुषांचा जनरल वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट, असं चिटणिसांनी सांगितलं होतं. मी चेनच्या कव्हरातलं काळं बायबल काखेत मारलं, इस्त्रीचा सदरा चढवला आणि निघालो. तिसऱ्या खाटेवर पाय टांगलेला माणूस होता. तोंडावर पांघरूण. उशाशी बायको, पायथ्याशी तरणा मुलगा. मला पाहताच दोघं उठून उभे राहिले, स्टूल पुसून दिलं. आपल्याबद्दल मंडळीत एवढा आदर आहे याने मला गहिवरून आलं.

"मी समितीकडून आलोय," मी म्हणालो.

"या साहेब. कालपासून वाट बघतोय," बाई म्हणाल्या.

मी ईयोबापासून सुरुवात केली. संकट का येतं, त्यात आपला दोष किती, परीक्षा किती. बाई मान डोलवत होत्या. मध्येच मुलगा म्हणाला, "दोष आमचा नाही साहेब, समोरच्या ट्रॅक्टरला लाइटच नव्हता." मी त्याला प्रेमाने सांगितलं, की मनुष्यांपुढे नव्हे, एकापुढेच हिशेब द्यायचा आहे आणि त्याच्यापाशी सगळं लिहिलेलं असतं. मग उभा राहून, हात उंचावून प्रार्थना केली. आवाज खणखणीत, वॉर्ड शांत. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. त्याच्या मानाने माझी प्रार्थना आटोपशीर होती, पण सलाइनची एक बाटली संपून दुसरी लागली. शेवटी मी म्हणालो, "आणि हे पित्या, तुझ्या जीवनाच्या पुस्तकात यांचं नाव नोंदलेलं आहे, ते कोणी खोडू शकणार नाही."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मग नोंद झालीय ना साहेब? क्लेम पास झाला ना?"

"क्लेम?"

"विम्याचा. तुम्ही समितीचे ना? सर्व्हेला माणूस येणार म्हणून एजंटनं सांगितलं होतं." मुलाने झेरॉक्सची पिशवी माझ्या हातात दिली. पांघरुणाखालून एक डोळा बाहेर आला आणि माझ्या बायबलाकडे आशेने पाहू लागला.

खिडकीकडून मोजायचं तर कुठल्या खिडकीकडून, हे चिटणिसांनी सांगितलं नव्हतं. आमचे गृहस्थ मधल्या पडद्यापलीकडच्या खाटेवर होते आणि सगळं ऐकत होते. मी पलीकडे गेलो तर ते घाईघाईने डोळे मिटून घोरू लागले. पुढे त्यांनी सभेत साक्ष दिली, की दवाखान्यात एका मोठ्या अरिष्टातून प्रभूने मला थोडक्यात वाचवलं. सगळ्यांना वाटलं, पायाबद्दल बोलतायत.

विम्याच्या त्या बाईंना मी कागदपत्रांची यादी करून दिली, अर्ज लिहून दिला, खाडाखोड झाली तिथे सही कुठे करायची ते दाखवलं. आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढं येतं. त्या म्हणाल्या, "आधी बोललात ते काही समजलं नाही बघा, पण हे लई बरं झालं."

आता गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन. वधस्तंभावरचे सात उद्गार, त्यावर सात वक्ते, मध्ये मध्ये गायन. आमच्या चर्चचे बाक शंभर वर्षांपूर्वीच्या सागवानाचे आहेत आणि त्यांच्यावर गादी घालणं आमच्यात देहाचे चोचले समजतात. दुसऱ्या उद्गारापर्यंत मी ठीक होतो. तिसऱ्याला काहीतरी टोचतंय असं वाटलं. खिळा असेल म्हणून चाचपून पाहिलं, खिळा नव्हता. चौथ्या उद्गारावर वक्ते बोलू लागले आणि बसल्या जागी अशी कळ आली, की मी ताडकन उभा राहिलो. पुढचा बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

चौथा उद्गार म्हणजे वधस्तंभावरची सर्वांत एकाकी हाक. वक्त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचाही कंठ दाटला. माझ्या मागचे निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. त्यांच्या मागे सेवानिवृत्त संघ, मग बायकांची बाजू, मग गायकवृंद. बघता बघता अख्खी मंडळी उभी, आणि मी बसत नाही म्हणून कोणीच बसेना. पाचव्या उद्गाराला, म्हणजे तहानेच्या वेळी, माझ्या घशाला सकाळपासून पाणी नव्हतं. मी ओठांवरून जीभ फिरवली, तर डावीकडच्या मावशींना हुंदका फुटला. सातव्यापर्यंत सगळे उभे होते. नंतर पास्टोरेट कमिटीच्या सभेत, चौथ्या उद्गारापासून उभं राहण्याची ही भावपूर्ण प्रथा दरवर्षी पाळावी, असा ठराव आल्याचं कानावर आलं. दारात पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. "आज तुम्ही मंडळीला हलवलंत." मी म्हटलं, "पाळकसाहेब, रिक्षा मिळेल का? उभ्याने जाता येईल अशी?"

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "पाणी किती पिता? जेवणात तिखट? बैठक किती?" मी उपवास, भेळ आणि घरसभा असं क्रमाने सांगितलं. त्यांनी कागदावर मूळव्याध असं लिहिलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

संकट हवं होतं ना साक्षीला? आलं. आणि असं आलं, की चारचौघांत नाव काढता येऊ नये.

रविवारी वेदीवरून "आपल्या एका बंधूंच्या नाजूक दुखण्यासाठी" प्रार्थना झाली आणि संध्याकाळपासून घरी रीघ लागली. मी पालथा पडलेलो. लोक खुर्च्या ओढून माझ्या पाठीशी बोलत. पहिले आले मुख्याध्यापक, म्हणजे आमचे अलीफज. "कारणावाचून काही घडत नाही," ते म्हणाले. "शांतपणे आत्मपरीक्षण करा." मी म्हटलं, परीक्षण डॉक्टरांनी केलंय. दुसऱ्या बाई बिल्ददाच्या पंथाच्या. बिल्ददाचं म्हणणं, वाडवडिलांचा शहाणपणा विचारा. त्यांचे वाडवडील सुरणाची भाजी, ताक आणि भिजवलेल्या अंजिरांवर ठाम होते. तिसरे सोफर. सोफर ईयोबाला सांगतो, की तुझ्या वाट्याला आलं ते कमीच आलं. हेही म्हणाले, "तुमचं काहीच नाही हो, आमच्या मेव्हण्याचं पाहायला हवं होतं." आणि मग मेव्हण्याचं इतकं बारकाईने सांगितलं, की हिने चहाचा ट्रे तसाच आत नेला.

जाता जाता सोफरांनी पहिल्या शमुवेलाचा पाचवा-सहावा अध्याय काढला. पलिष्ट्यांनी कराराचा कोश पळवून नेला, तेव्हा अश्दोद, गथ, एक्रोन जिथे जिथे तो गेला तिथे तिथे लोकांना गाठी आल्या. ही मूळव्याध होती की प्लेग, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. शेवटी पलिष्ट्यांनी पाच सोन्याच्या गाठी आणि पाच सोन्याचे उंदीर करून कोशाबरोबर परत पाठवले. "मग," सोफर म्हणाले, "तुमचं बजेट काय?"

तरुण संघाचा अलीहू गिटार घेऊन आला होता. त्याचं मी काही सांगत नाही, देवानेही सांगितलं नाही.

मी स्वतः काय करत होतो? मननाची वही उशाशी होती, प्रार्थनेचे मुद्दे तयार होते. पण कळ आली की तोंडातून एकच वाक्य निघे आणि त्यात प्रभूचं नाही, आईचं नाव असे. तिला ते ऐकू जाई. मग ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसे आणि लसूण सोलत राही. बोलत काही नसे. लसूण संपला की दुसरा गड्डा फोडी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरती झालो. खोलीत दुसऱ्या खाटेवर नेवाशाकडचे एक माळकरी आजोबा होते, दुखणं हेच. दिवेलागण झाली आणि आजोबांनी कुशीवर पडल्या पडल्या हरिपाठ सुरू केला. टाळ घरी राहिलेले, म्हणून स्टीलच्या पेल्यावर चमचा. कळ आली की थांबत, दात-ओठ खात, आणि जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू. चादर नाही, खोली नाही, कडी नाही. संपल्यावर म्हणाले, "तुमच्यात बी रोजचं काय म्हणत असतील की."

माझी मानगूट पकडल्यासारखं झालं. मी टिळकांचं एक भजन सुरू केलं. टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांच्या भजनांची चाल ऐकली तर ते पटतं. आजोबांचा चमचा पहिल्या ओळीपासून बरोबर पडू लागला. दुसरं कडवं मला आठवेना. चाळीस दिवस पुस्तकात बघून म्हटलेलं! आजोबांनी ठेका सोडला नाही. मी पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि ते "वाहवा, माउली" म्हणत राहिले. नर्स येऊन ओरडली तेव्हा त्यांनी मला सांभाळून घेतलं. "नवीन आहेत ते, शिकत्यात."

घरी आल्यावर डॉक्टरांचा हुकूम होता : दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात पाव-पाव तास बसायचं, पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे चार कण टाकून. टब न्हाणीघरात. आत गेलं, कडी लावली, की पंधरा मिनिटं कोणी हाक मारायची नाही. मी आईचं मोठं बायबल आत नेलं आणि लेवीय उघडलं. अंगाच्या व्याधींची, स्रावांची, शुद्ध-अशुद्धाची, धुण्याची नि संध्याकाळपर्यंत थांबण्याची ती कलमं जांभळ्या पाण्यात बसून वाचताना कधी नव्हे इतकी जवळची वाटली. शेवटच्या अध्यायाला मात्र गॅसचं पुस्तक आणि रेशनकार्ड सटकून टबात पडलं. रेशनकार्ड आमच्या घरात आता वांग्याच्या रंगाचं आहे. आईने ते दोरीवर वाळत घालताना माझ्याकडे निरखून पाहिलं. "लेवीयात गेला होतास?"

पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, पेन्टेकॉस्टला, सकाळच्या उपासनेत साक्षींचा कार्यक्रम होता. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेलो. उभं राहायला आता माझी हरकत नसते. मजकूर मी सभ्य भाषेत बसवून आणला होता. "प्रियजनहो, मध्यंतरी मी एका खोल, अंधाऱ्या दरीतून गेलो. ते दुःख असं होतं, की त्याला नाव देणं..."

"मूळव्याध!" पहिल्या बाकावरून आई म्हणाली. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्याने बोलते. "मूळव्याध झाली होती त्याला."

आधी गायकवृंदातल्या मुली फुटल्या. मग तरुण संघ. मुख्याध्यापकांनी रुमालात तोंड लपवलं, ढोलकीवाल्याच्या हातून ढोलकी घरंगळली आणि हसू शेवटच्या बाकापर्यंत गेलं. मला पुढचं काही बोलता आलं नाही. मी आमेन म्हटलं आणि खाली आलो. पण इतकं दणदणीत आमेन मला आजवर कोणी परत दिलं नव्हतं.

उपासना सुटल्यावर दाराशी चपला शोधत होतो, तर कोणीतरी दंडाला धरलं. खंब्याची साक्ष देणारे बंधू. "जरा बाजूला या," ते कुजबुजले. "तुमचे ते डॉक्टर... दुखत नाही ना फार?" त्यांना पत्ता देईतो चिटणीस उभे. मग मुख्याध्यापक, आत्मपरीक्षण करून आलेले. बिल्ददांच्या पंथाच्या बाईंनी मिस्टरांसाठी विचारलं, सुरणाचा गुण येत नव्हता म्हणे. सोफरांनी मेव्हण्यासाठी म्हणून विचारलं, पण टबातलं पाणी किती गरम हवं ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. बदामाच्या झाडाखाली माझ्याभोवती माणसं साचत गेली, एकेक आवाज खाली आणून बोलत होता. मी कोणाला धीर दे, कोणाला तारीख सांग, कोणासाठी तिथेच दोन शब्द प्रार्थना कर, असं करत होतो. हिने लांबूनच घड्याळ दाखवलं.

सगळे पांगल्यावर पाळकसाहेब झगा हातावर टाकून आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "बंधू," ते म्हणाले, "डॉक्टर सोमवारी असतात का हो? नाही, म्हणजे, त्या दिवशी मला सुट्टी असते."